क्लबबरोबर पळायला लागलात? या चुका टाळा

बेळगावात पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला किंवा काँग्रेस रोडला चक्कर मारली तर पळणारे घोळक्यानं दिसतात. पावसाळा सरला की आणि पुन्हा जानेवारी उजाडला की या घोळक्यात नवीन चेहऱ्यांची भर पडते. सुरुवातीला ही मंडळी सगळ्यांच्या पुढं असतात. महिन्याभरात नवे बूट येतात, मनगटावर घड्याळ येतं, आणि दीड-दोन महिन्यांनी ग्रुपवर मेसेज पडतो, "नडगी दुखतेय, जरा थांबलोय." तो माणूस मग थेट पुढच्या जानेवारीत उगवतो.

यात आळशीपणा फार थोडा असतो. खरी गोम अशी की शरीराचे सगळे भाग एकाच वेळी तयार होत नाहीत. नेमानं पळालं की तीन-चार आठवड्यांत दम वाढल्याचं जाणवायला लागतं, कारण हृदय आणि रक्ताभिसरण लवकर जुळवून घेतं. नडगीचं हाड, टाचेमागचा जाड स्नायुबंध, गुडघ्याभोवतालची जोडणी यांना तोच भार पचवायला महिने लागतात. त्यामुळं "आता जमतंय की" असं ज्या आठवड्यात वाटतं, नेमका तोच आठवडा जपण्याचा. खाली दिलेल्या बहुतेक चुका याच फटीतून आत शिरतात.

दुसऱ्याच्या पेसनं (वेगानं) पळणं

क्लबचा सगळ्यात मोठा फायदा आणि सगळ्यात मोठा धोका एकच, तो म्हणजे सोबत. एकटा माणूस दमला की थांबतो. ग्रुपात थांबायची लाज वाटते. पुढचे चौघे गप्पा मारत चालले आहेत, आपल्याला तर श्वास पुरत नाही, तरी माणूस त्यांच्या पाठीला चिकटून राहतो. मागून कुणीतरी ओरडतं, "एवढं कुठं पेटलंय रे? दमानं की!" पण ऐकतो कोण.

क्लबात सगळ्यात मागं सावकाश पळणारा गट असतो, त्या मागच्या गटात मी नव्या माणसाला पळता पळता जिल्ह्यातले तालुके म्हणायला लावतो. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, गोकाक. चालत्या गप्पांसारखे म्हणता आले तर पेस बरोबर. अथणी यायच्या आत दोनदा श्वास घ्यावा लागला तर पेस जास्त, मग घड्याळ काहीही सांगो. या परीक्षेत नापास होणारे सहसा तरुण पोरगे असतात. पन्नाशीच्या काकू पहिल्या फटक्यात पास होतात, कारण त्यांना कुणाला काही दाखवायचं नसतं.

आठवड्यातलं बहुतेक पळणं याच बोलत्या पेसनं व्हायला हवं. अगदी नवख्यानं तर सलग पळण्याचा हट्टच सोडावा. पाच-सात मिनिटं झपाझप चालायचं, मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. दर आठवड्याला पळण्याची मिनिटं थोडी वाढवायची, चालण्याची कमी करायची. या हिशेबानं बऱ्याच जणांना आठ ते दहा आठवड्यांत 5 किलोमीटर सलग पळता येतं. कुणाला बारा लागतात. लागू देत.

आपल्याकडं आणखी एक फसगत होते, ती भरतीच्या पोरांना बघून. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच, त्यामुळं आसपासच्या खेड्यातली पोरं पहाटे रस्त्यानं सुसाट जाताना दिसतात. अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर जोरात मारायचे असतात, आणि त्यांची सगळी तयारी तेवढ्या काही मिनिटांसाठी चाललेली असते. ती पोरं अठरा-वीस वर्षांची, लहानपणापासून शेतातून पळलेली. दिवसभर खुर्चीत बसून चाळिशी गाठलेल्या माणसानं त्यांच्यामागं लागण्यात अर्थ नाही. जोराच्या फेऱ्या, एकच चढ पुन्हा पुन्हा पळत चढणं हे सगळं पहिले दोन-तीन महिने बाजूला ठेवा. क्लबात मंगळवारी स्पीडवर्क, म्हणजे जोरात पळण्याचा सराव असेल तर त्या दिवशी खुशाल कडेला सावकाश पळा. कुणी हसत नाही, आणि हसलाच तर तो क्लब तुमच्या कामाचा नाही.

नडगी दुखतेय, पण नेमकी कशी?

"दुखतंय" एवढ्यावर काही ठरत नाही. घरी एक साधी तपासणी करता येते. खुर्चीत बसा, पाय मोकळा सोडा आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून घोट्याकडून वर अंगठा दाबत न्या. खालच्या अर्ध्या भागात चार-सहा बोटं लांबीचा पट्टाभर हुळहुळतंय, पळायला सुरुवात केली की दुखतं आणि अंग तापल्यावर कमी होतं, अशी लक्षणं असली तर बहुधा हाडाला लागून असलेल्या भागावर ताण आलाय. एक-दोन आठवडे पळणं बंद किंवा निम्म्याहून कमी, सायकल किंवा पोहणं चालू, आणि नंतर आधीच्या निम्म्या अंतरापासून सुरुवात, एवढ्यानं बहुतेकांचं भागतं.

पण अंगठा फिरवताना एकाच ठिपक्यावर कळ आली, त्या पायावर एक उडी मारवेना, पळताना दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं किंवा रात्री अंथरुणातही ठणकायला लागलं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग मालिश नको, बाम नको, हाडाच्या डॉक्टरांकडं जा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अशी चीर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून "एक्स-रे क्लिअर आहे" एवढ्यावर लगेच पळायला लागू नका, दुखणं सुरू आहे हे पुन्हा सांगा.

या दोन्हींपेक्षा वेगळं म्हणजे साधं अंग धरणं. येळ्ळूरच्या राजहंसगडावर पहिल्यांदा पळत चढून उतरलेला माणूस तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. ते उताराचं देणं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक मारत असतात, म्हणून चढापेक्षा उतारानंच जास्त आखडतात. दोन्ही पाय सारखे दुखतात आणि तीन-चार दिवसांत आपोआप मोकळे होतात. त्याची काळजी नको, फक्त त्या दिवसांत जोर नको.

वेदनाशामक गोळी घेऊन पळणं मात्र सपशेल बंद करा. दुखणं दबतं, पळणं वाढतं आणि मूत्रपिंडावर विनाकारण भार पडतो.

पोटऱ्यांसाठी एकच व्यायाम करायचा म्हटला तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करणं. आधी दोन्ही पायांवर, नंतर एकेका पायावर. दात घासताना होतो, वेगळा वेळ काढावा लागत नाही. पळण्याआधी पाय ताणून धरून ठेवण्यापेक्षा चालणं, गुडघे उचलणं, पाय पुढं-मागं झुलवणं बरं. ताणण्याचे प्रकार नंतर करा.

बूट

यावर क्लबात गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. खडे बाजारात जा, नाहीतर मोठ्या शोरूममध्ये, पण संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळतानाचे मोजे घालून बघा. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर लांब पळालं की नखं काळी पडतात. साधारण 500 ते 800 किलोमीटरला बुटाचा तळ बसतो. जाड तळाचे, आत कडक पट्टी घातलेले महागडे रेसिंग बूट नवख्याला लागत नाहीत. ते जोरात पळणाऱ्यांसाठी आहेत, आणि चालत-पळत अर्धा तास करताना त्यांचा काय फायदा होणार?

रस्त्याच्या एकाच कडेनं, तेही अंधारात

डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं पळालं की एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो, आणि महिन्याभरानं एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. आठवड्यातला निदान एक दिवस मैदानात, मातीवर काढा. मैदानात फेऱ्या मारत असाल तर अधूनमधून दिशा बदला.

मोठ्या रस्त्यावर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळायचं. आपल्याकडं हे खास सांगावं लागतं ते उसामुळं. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागं दिवा तर सोडाच, लाल पट्टीसुद्धा नसते. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्यानं चालू असतात की तुमची हाक ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्य नाही. चमकणारं जॅकेट घाला आणि कानात इअरफोन नको. ऊस रस्त्यावर लोंबत असतो, म्हणून ट्रॉली जाईपर्यंत खाली उतरून थांबा.

कुत्री मागं लागली तर पळू नका, थांबा, त्यांच्याकडं तोंड करून हळूहळू बाजूला व्हा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद-चुना काही लावू नका.

पाणी आणि पोट

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. डिसेंबरच्या पहाटे इथं धुकं असतं, तहान लागत नाही, आणि माणूस दीड तासाच्या लाँग रनला पाण्याशिवाय निघतो. उलट अथणी-रायबागच्या बाजूला एप्रिलमध्ये सात वाजताच ऊन टोचायला लागतं, तिथं वेळच बदलायला हवी. तासाभराच्या आतलं पळणं साध्या पाण्यावर होतं. त्यापुढं लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी जवळ ठेवा. तहान नसताना बाटल्यावर बाटल्या रिचवणं हीसुद्धा चूकच, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं.

पहाटे पळायचं तर आधी एक केळं नाहीतर दोन खजूर पुरेत. रन झाल्यावर सगळ्यांनी मिळून कुंदा खायचा बेत होतो, त्याला माझा विरोध नाही. फक्त 5 किलोमीटर पळून पाव किलो कुंदा खाल्ला की वजनाचा काटा का हलत नाही, हे मग क्लबातल्या कोचला विचारू नये.

मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच पळणार असाल, तर आधी डॉक्टरांना भेटा. पळताना छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं कळ गेली तर तिथंच थांबा आणि सोबतच्याला सांगा. "ॲसिडिटी असेल" म्हणून पुढं रेटू नका.

पाऊस आणि खंड

जून ते सप्टेंबर बूट वाळत नाहीत. आतलं पॅड काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, चुलीजवळ ठेवू नका, डिंक सुटतो. मांड्या आणि काख घासतात, तिथं व्हॅसलिन.

खंड तर पडणारच. शिवजयंतीचा चित्ररथ आणि गणपतीचं विसर्जन या दोन रात्रींनंतर सकाळी बेळगावात पळायला येणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. जो येतो म्हणतो त्यालाही माघारी पाठवावं, रात्रभर जागून लाँग रन करण्यात काही मिळत नाही. पण सुट्टी संपल्यावर "राहिलेलं भरून काढतो" म्हणत एकाच आठवड्यात दोन लाँग रन मारू नका. आठवडाभर सुटलं असेल तर आधीचाच आठवडा पुन्हा करा. दोन-तीन आठवडे सुटलं असेल तर निम्म्या अंतरानं, मागच्या गटात, तालुके म्हणत. महिन्याच्या वर गेलं असेल तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं इथूनच सुरुवात. दम अजून बराच शिल्लक असल्यासारखा वाटेल, पण नडगीला पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो.