एरर मेसेजवरून कोडपर्यंत कसं पोचायचं

एरर मेसेज जसाच्या तसा शोधू नका. त्यातली फाइलची नावं, आकडे काढून टाका. कोडमध्ये त्या जागी ‘%एस’सारखं काहीतरी असतं, म्हणजे प्रोग्रॅम चालताना भरली जाणारी जागा. उरलेले सलग तीन-चार शब्द ‘गिट ग्रेप’ला (गिटमधली मजकूर शोधायची कमांड) द्या. ते गिटने ट्रॅक केलेल्याच (नोंद ठेवलेल्या) फाइल्स बघतं, बिल्डचा कचरा मध्ये येत नाही.

काही मेसेज मात्र त्या प्रोजेक्टचे नसतातच. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ घ्या. लिनक्सवर हे वाक्य सहसा सी लायब्ररीतून येतं. प्रोग्रॅममध्ये सापडलंच तर ‘ईएनओएसपीसी’ (याच एररचं कोडमधलं नाव) सापडेल, नाहीतर नुसता ‘स्ट्रएरर’चा (एररच्या क्रमांकावरून वाक्य देणारं फंक्शन) कॉल. म्हणून शोधायचं ते हे.

प्रोजेक्टच माहीत नसेल तर डेबियन कोड सर्च उघडा. डेबियन या लिनक्स सिस्टिममधल्या पॅकेजेसचा सोर्स तिथे एकदम धुंडाळता येतो, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना) देऊनसुद्धा. लिनक्स कर्नलसाठी मी एलिक्सर ही सोर्स धुंडाळायची वेबसाइट वापरते.

ओळ सापडली, पण ती तशी का लिहिलीय? ‘गिट लॉग’ला ‘-एस’ (एस मोठा) आणि ती स्ट्रिंग द्या. ती कुठल्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेला बदल) आली आणि कुठल्यात गेली ते दिसतं. ते कमिट मेसेज मन लावून वाचा. डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेलं कारण पुष्कळदा तिथेच असतं. आणि डॉक्युमेंटेशन वाचायचंच तर आपल्या व्हर्जनचा टॅग (गिटमध्ये त्या व्हर्जनला दिलेलं नाव) चेकआउट करून त्यातलंच वाचा.