लोड बॅलन्सरमागे एलडॅप आणि टीएलएस: या चुका टाळा

"लॉगिन कधी होतं, कधी होत नाही." अशी तक्रार आली की मी आधी पासवर्ड नाही, सर्टिफिकेट (टीएलएस या कूटबद्ध जोडणीत सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र) बघते. बॅलन्सरमागे, म्हणजे जोडण्या वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, एलडॅपचे (लॉगिनची माहिती ठेवणाऱ्या डिरेक्टरीचे) तीन सर्व्हर आहेत आणि त्यातल्या एकाच्या सर्टिफिकेटमध्ये गडबड आहे, तर साधारण दर तिसरी जोडणी पडते. तुम्ही तपासायला बसता तेव्हा नेमका धडधाकट सर्व्हर वाट्याला येतो आणि "माझ्याकडे तर चालतंय" म्हणून तिकीट बंद होतं. म्हणून बॅलन्सरच्या नावाने तपासून थांबू नका. प्रत्येक सर्व्हरच्या 636 पोर्टला (एलडॅपएस, म्हणजे टीएलएसवरच्या एलडॅपचं पोर्ट) थेट जोडा आणि तो कोणतं सर्टिफिकेट देतो ते ओपनएसएसएल या कमांड-टूलने डोळ्यांनी बघा.

सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. क्लायंट जोडतो 'एलडॅप' या सामायिक नावाला आणि सर्टिफिकेटवर असतं 'एलडॅप-2'. सर्टिफिकेटमधल्या सॅन यादीत (ते ज्या नावांसाठी चालतं ती यादी) दोन्ही नावं हवीत: सामायिक नाव क्लायंटसाठी, स्वतःचं नाव रेप्लिकेशनसाठी (सर्व्हरांनी आपसात माहिती सारखी ठेवणं), कारण सर्व्हर एकमेकांना थेट स्वतःच्या नावानेच गाठतात. सामायिक नाव फक्त कॉमन नेममध्ये (सर्टिफिकेटवरच्या जुन्या, एकाच नावाच्या रकान्यात) टाकून भागत नाही. सॅनमध्ये नावं असली की बहुतेक क्लायंट कॉमन नेमकडे बघतच नाहीत. जावा 8 मध्ये एलडॅपएससाठी ही नावाची तपासणी 2018 च्या 181 क्रमांकाच्या अपडेटपासून आपोआप चालू झाली, आणि तोवर सुरळीत चाललेली कितीतरी ॲप्लिकेशन्स त्या अपडेटनंतर अडली.

अशा वेळी कोणीतरी क्लायंटवर 'TLS_REQCERT never' करून टाकतं, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच बंद करतं. कृपा करून हे करू नका. एलडॅपच्या साध्या बाइंडमध्ये (लॉगिनच्या विनंतीत) पासवर्ड जसाच्या तसा जातो, त्याला आडोसा फक्त टीएलएसचा. तपासणीच बंद केली, तर मध्ये कोणीही सर्व्हर बनून बसू शकतं.

इंटरमीजिएट सर्टिफिकेट (सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि विश्वासू मूळ संस्था यांना जोडणारं मधलं सर्टिफिकेट) सर्व्हरने सोबत पाठवायलाच हवं. ब्राउझर ते बऱ्याचदा स्वतः शोधून आणतो, एलडॅपसर्च (एलडॅपमध्ये शोधणारं कमांड-टूल) आणत नाही. तो फक्त "सर्व्हरशी संपर्क होत नाही" म्हणतो आणि आपण उगाच फायरवॉल उकरत बसतो.

स्टार्टटीएलएस वापरत असाल, तर 389 वर संवाद साध्या मजकुरात सुरू होऊन मग कूटबद्ध होतो. तिथे बॅलन्सर टीसीपी मोडमध्येच ठेवा (तो आतलं न बघता जोडणी तशीच पुढे देतो), टीएलएस सर्व्हरलाच उघडू द्या.

सर्व्हर चालू आहे का हे बॅलन्सर ज्याने तपासतो तो हेल्थ चेकही नीट बघा. नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढंच विचारणाऱ्या चेकला मुदत संपलेलं सर्टिफिकेट दिसत नाही, आणि तो सर्व्हर हिरवाच राहतो. चेक टीएलएससह, सर्टिफिकेट पडताळून करा.

सर्टिफिकेटच्या नूतनीकरणात फसवणारी गोष्ट वेगळीच. डिस्कवरची फाइल नवी असते, पण ओपनएलडॅपचा स्लॅपडी (सर्व्हर प्रोग्राम) सुरू होताना वाचलेलं जुनंच सर्टिफिकेट देत राहतो. शिवाय डेबियनवर स्लॅपडी 'ओपनएलडॅप' या युजरने चालतो. सर्टिफिकेटची नवी खासगी की फक्त रूटला (प्रशासक युजरला) वाचता येत असेल, तर रीस्टार्टनंतर तो उठतच नाही. म्हणून एकेक सर्व्हर बॅलन्सरमधून बाहेर काढा, कीची परवानगी बघा, रीस्टार्ट करा, जोडणीवर दिसणारी मुदत वाचा, मगच परत आत घ्या. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत 15 मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येणार आहे, तेव्हा हा क्रम आत्ताच स्क्रिप्टमध्ये बसवा.