गॅरेजचं वर्कशॉप करताना या चुका टाळा

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गॅरेजमध्ये गाडी फारशी दिसत नाही. गाडी बाहेर उन्हात आणि आत बंद पडलेला कूलर, रंगाचे अर्धे डबे, मुलांच्या सायकली, गणपतीचं मखर. मग कधीतरी वाटतं, हे सगळं रॅकवर चढवावं आणि उरलेल्या जागेत छोटंसं वर्कशॉप करावं. ते थोडक्या पैशांत होतंही. चुकतो तो क्रम. आधी ड्रिल-ग्राइंडर येतात, मग रॅक, मग टेबल. भिंत, फरशी आणि वायरिंग यांची आठवण होते पहिल्या पावसाळ्यात, आणि तोवर सगळं ठोकून झालेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. सोसायटीतलं स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती लागतात. खांबांच्या मधल्या जागेत पत्रे ठोकून सुतारकाम सुरू केलंत, तर पहिलं काम कमिटीच्या नोटिशीला उत्तर देण्याचं असेल. पुढचं सगळं स्वतःच्या, बंद गॅरेजबद्दल आहे.

ओल न बघता सामान लावणं

गॅरेजची फरशी बहुधा घराच्या जोत्यापेक्षा खाली असते, त्यामुळे ओल आधी तिथे येते. तपासणी फुकटात होते. फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. थेंब कागदाखाली जमले तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला जमले तर हवा दमट आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. जमिनीतून येणाऱ्या ओलीला आतून ऑइलपेंट मारून काही होत नाही, रंगाला फोड येतात आणि पोपडे निघतात. आधी बाहेर जाऊन बघा. भिंतीलगत पाणी तुंबतं का, पन्हळीचं पाणी पायाशीच पडतं का? खर्च करायचा तो तिथे.

हवाच दमट असेल, तर सामान जमिनीपासून चार बोटं वर आणि भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवलं तरी पुष्कळ फरक पडतो. वाळवीची वाटही त्यामुळे दिसत राहते.

पटाश्या आणि रंध्याची पाती वर्तमानपत्रात गुंडाळून खणात टाकायची सवय अनेकांना असते. कागद दमट हवेतली ओल धरतो. ऐन जुलैत उघडून बघा: कागद जिथे पात्याला चिकटलाय तिथेच नारिंगी ठिपके, धारेच्या बाजूला जास्त. शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलं की हा प्रकार थांबतो. गंज वरवरचा असेल तर रॉकेल आणि बारीक पॉलिशपेपरने निघतो.

शटरच्या फटीतून पावसाची झड आणि उंदीर दोन्ही आत येतात. गवंड्याकडून इंचभर उंचीचा, बाहेर उतार असलेला सिमेंटचा उंबरा करून घ्या. तासाभराचं काम आहे.

भिंत न ओळखता भोक पाडणं

भरलेलं रॅक भिंतीसकट खाली येतं, याचं कारण बहुतेक वेळा स्क्रू नसून भिंत असते. नऊ इंची पक्क्या विटांची भिंत साध्या प्लास्टिकच्या गिट्टीवर भरपूर वजन पेलते. साडेचार इंचीत जपून. गिट्टी विटेत बसवा, दोन विटांमधल्या सांध्यात नको. आपल्याकडे ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात, त्या हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी टिकतच नाही. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं, पांढरी भुकटी पडते आणि स्क्रू आवळताना गिट्टी जागच्या जागी फिरते. तसं झालं की त्याच भोकात काडी खुपसून जुगाड करू नका. हलक्या ब्लॉकसाठीच्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात, त्या वापरा. त्याहून बरं म्हणजे वजन जमिनीवर उभ्या रॅकला द्यायचं आणि भिंतीला फक्त आधारापुरतं बांधायचं. कोकणात जांभ्याच्या भिंतीलाही हेच बरं.

छत सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल, तर त्यात भोक पाडणं किंवा तो कापणं टाळाच. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

घरातून एक्स्टेन्शन ओढणं

बजेटच्या नावाखाली सगळ्यात जास्त हयगय इथे होते. हॉलमधल्या सॉकेटवरून खिडकीतून वायर काढायची आणि तिच्यावर ग्राइंडर, लाइट, पंखा, सगळं. गॅरेजला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या. लाइटला दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर चालते. सोळा अँपिअरच्या सॉकेटला किमान अडीचची आणि कंप्रेसर किंवा वेल्डिंग मशीन येणार असेल तर चारची. लाइनच्या सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, हवाच. सॉकेट टेबलाच्या उंचीच्या वर बसवा, नाहीतर वायर पायात येते.

*ग्राइंडर सुरू करताच एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पडतो.* मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट घेते. ‘बी’ प्रकारचा एमसीबी त्याच्यावर छापलेल्या अँपिअरच्या तिपटीपासून पाचपटीपर्यंतच्या झटक्याला पडतो, ‘सी’ प्रकारचा पाच ते दहा पटीला. तेवढ्याच अँपिअरचा ‘सी’ लावला की प्रश्न सुटतो. इलेक्ट्रिशियन १६ च्या जागी ३२ चा लावून देतो म्हणाला, तर नको म्हणा. मग एमसीबी पडायच्या आधी भिंतीतली वायर तापेल.

*पावसातच आरसीसीबी पडतो.* सगळे प्लग काढून तो वर करा. टिकला तर एकेक वस्तू लावत जा, दोषी सापडेल. काहीच लावलेलं नसताना पडत असेल, तर बाहेरच्या भिंतीतल्या एखाद्या बॉक्समध्ये बहुधा पाणी शिरलंय. आरसीसीबीच काढून थेट जोडणी देणारा माणूस पुन्हा बोलावू नका.

*एक्स्टेन्शनचं रीळ गरम होतं.* गुंडाळलेली वायर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. काम करताना पूर्ण उलगडा.

ड्रिलला दोनच पिना आहेत म्हणून घाबरू नका. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थिंग लागत नाही. लोखंडी अंगाच्या बेंच ग्राइंडरला मात्र तिसरी पिन जोडलेलीच हवी.

रॅक खोल आणि फळ्या लांब

स्लॉटेड अँगलचं रॅक स्वस्तातलं सगळ्यात टिकाऊ. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चौकशी करून घ्या. दुकानदार दोन फूट खोलीचं गळ्यात मारतो, पण डबे-डुबे आणि अवजारं यांना एक फूट पुरतं. खोल रॅकमध्ये मागे गेलेली वस्तू पुन्हा विकत आणली जाते. रॅक डुगडुगत असेल तर नट आवळत बसू नका, कोपऱ्यांच्या तिकोनी पट्ट्या लावल्यात का ते बघा. १८ मिलिमीटरच्या प्लायची फळी तीन फुटांच्या पुढे गेली की वजनाने मध्ये झोल घेते, तिथे टेकू द्या.

‘वॉटरप्रूफ आहे’ या तोंडी शब्दावर प्लाय घेऊ नका. शिक्का वाचा. आयएस ३०३ चा एमआर प्लाय फक्त दमटपणा सोसतो, पाणी सोसणारा आयएस ७१० चा. कापलेल्या कडा प्रायमरने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. आणि माळा ठोकण्याआधी शटर पूर्ण वर करून बघा. वरची गुंडाळी चांगली फूटभर जागा खाते.

टेबल डुगडुगतं ते सुताराच्या चुकीने नव्हे. गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो. पायांना फिरवून उंची जुळवता येणारे बोल्टचे बूट लावा, पाचर सरकत राहते. टेबलाला वरून जुना फ्लश डोअर छान चालतो. ट्यूब टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर लावा. खोलीच्या मधोमध लावली तर कापायच्या रेघेवर तुमचीच सावली पडते.

मार्बल कटर उलटा बसवणं

प्लायखाली मार्बल कटर उलटा ठोकून, बटण बांधून टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली करवत) बनवायची टूम जोरात आहे. गार्ड नाही, लाकूड पात्याला आवळलं तर फाकवून धरणारी पट्टी नाही, आणि हात अडकला तर मशीन थांबवायला बांधलेलं बटण सोडवायचं. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं त्याहूनही वाईट. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेतो. अख्खा ८ बाय ४ चा प्लाय घरी आणून कापायची गरजही नसते. टिंबर मार्केटमध्ये मापं दिली की बऱ्याच ठिकाणी मशीनवर सरळ कापून मिळतं.

थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोल यांची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. शटर ओढून ग्राइंडरच्या ठिणग्या उडवायच्या असतील तर हे डबे तिथे नकोत, भुशाचा ढीगही नको. अळशीच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपणहून पेट घेऊ शकतो. त्या बाहेर, एकेक करून, सुटसुटीत वाळत घाला.

मशीन घ्यायची ती आता. सुरुवातीला एक इम्पॅक्ट ड्रिल, एक चांगली हातकरवत आणि चार क्लॅम्प पुरतात. बाकीचं, महिनाभर काम केल्यावर ज्याच्यावाचून खरोखर अडलं ते.