अमेरिकेत अवयव प्रत्यारोपणानंतर अपंगत्व लाभ आणि मेडिकेअर कसे टिकवावे

अमेरिकेत अवयव प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत दोन मुदती एकाच वेळी चालू असतात. एक सोशल सिक्युरिटी या सरकारी संस्थेकडून दरमहा मिळणाऱ्या अपंगत्व लाभाची, तर दुसरी मेडिकेअर (केंद्र सरकारचा आरोग्य विमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) यांतून मिळणाऱ्या उपचारांच्या संरक्षणाची. या दोन्ही मुदती वेगवेगळ्या कायदेशीर कारणांनी सुरू होतात आणि वेगवेगळ्या कारणांनी संपतात, पण घरोघरी त्या एकच समजल्या जातात. कोणी “वर्ष झाले, आता पैसे बंद होणार” म्हणून तब्येत साथ देत नसतानाही कामाला लागतो, तर कोणी “पैसे येत आहेत तोवर मेडिकेअर आहेच” असे गृहीत धरून स्वस्थ बसतो. पहिल्याचे नुकसान लगेच दिसते. दुसऱ्याचे औषधाच्या दुकानात उभे राहिल्यावर कळते.

आधी आधार शोधावा

लाभ टिकवायचा तर तो कोणत्या आधारावर मिळतो आहे, हे प्रथम कागदावर पाहिले पाहिजे. पूर्वी नोकरी करताना पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला गेला असेल आणि त्या बळावर रक्कम मिळत असेल, तर तो एसएसडीआय होय. त्याचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी मेडिकेअर लागू होते. उत्पन्न आणि मालमत्ता अगदी कमी असल्यामुळे मिळणारी रक्कम म्हणजे एसएसआय. तिच्याबरोबर बहुतेक राज्यांत मेडिकेड मिळते आणि तिच्यासाठी मोजली जाणारी मालमत्ता एकट्या व्यक्तीच्या बाबतीत २,००० डॉलरपेक्षा जास्त असून चालत नाही. काहींना हे दोन्ही लाभ एकदम मिळतात.

किडनीच्या रुग्णांना तिसरा मार्गही आहे. १९७२ च्या कायद्यानुसार, किडनी कायमची निकामी झालेल्या व्यक्तीला, स्वतःच्या किंवा पती, पत्नी वा पालकांच्या नोकरीची पुरेशी नोंद असल्यास, वयाची अट न लावता मेडिकेअर मिळते आणि ही सोय १९७३ पासून चालू आहे. हृदय, यकृत किंवा फुप्फुस यांच्या रुग्णांसाठी अशी वेगळी वाट नाही.

मेडिकेअरच्या कार्डावर नाव, क्रमांक आणि पार्ट ए (रुग्णालयाचा विमा) व पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्य उपचारांचा विमा) सुरू झाल्याच्या तारखा असतात, पण ते किडनीच्या आजारामुळे मिळाले की अपंगत्वामुळे, हे त्यावर छापलेले नसते. म्हणून सोशल सिक्युरिटीच्या ऑनलाइन खात्यातून लाभाचे पत्र उतरवून घ्यावे आणि मेडिकेअरचा आधार कार्यालयाला स्पष्ट विचारून, उत्तराची तारीख त्याच पत्रावर लिहून ठेवावी.

एका वर्षाचा खरा अर्थ

सोशल सिक्युरिटीच्या वैद्यकीय निकषांनुसार किडनी, हृदय किंवा यकृत प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीला शस्त्रक्रियेपासून एक वर्ष अपंग मानले जाते, तर फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाला ही मुदत ३ वर्षे आहे. या काळात वेगळे काही सिद्ध करावे लागत नाही. मुदत संपली म्हणून लाभ आपोआप बंद होत नाही. त्यानंतर शरीरात उरलेल्या अडचणी पाहून निर्णय घ्यायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. नव्या अवयवाचे काम कसे चालले आहे, शरीराने तो नाकारण्याचे प्रसंग आले का, इतर इंद्रियांवर काय परिणाम झाले आणि चालू औषधांचा त्रास किती होतो, या गोष्टी तेव्हा विचारात घेतल्या जातात.

हा निर्णय नियतकालिक वैद्यकीय पुनरावलोकनात होतो. सुधारणा अपेक्षित असेल तर पुनरावलोकन साधारण ६ ते १८ महिन्यांत, शक्य वाटत असेल तर ३ वर्षांच्या आसपास आणि अपेक्षित नसेल तर ५ ते ७ वर्षांनी ठेवले जाते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने पहिल्या गटात धरले जाण्याची तयारी ठेवावी.

इथे एक बारकावा आहे. पुनरावलोकन करणारा अधिकारी आजच्या प्रकृतीची तुलना मागच्या अनुकूल निर्णयाच्या वेळच्या प्रकृतीशी करतो. मूळ निर्णय “प्रत्यारोपणानंतरचे एक वर्ष” या निकषावरच झाला असेल, तर ते वर्ष सरल्यावर तो निकष लागू राहत नाही आणि “सुधारणा झाली” असे म्हणणे सोपे जाते. मग सगळा भर एकाच प्रश्नावर येतो: ही व्यक्ती आज, आठवड्याचे पाच दिवस, पूर्ण वेळ, नेमाने काम करू शकते का? तयारी याच प्रश्नाची करायची.

फाइल वर्षभर भरावी

माझ्या थोरल्या भावाची फाइल मी पहिल्यांदा स्वतः वाचली, तेव्हा त्याच्या किडनी प्रत्यारोपणानंतरच्या सात भेटींपैकी सहांच्या नोंदीत “प्रकृती उत्तम, तक्रार नाही” एवढेच लिहिलेले होते. त्याच काळात सकाळची टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणारी) गोळी घेतल्यानंतर दोन तास त्याचे हात इतके थरथरत की शर्टाची बटणे वहिनी लावून देत असे. डॉक्टरांची चूक म्हणावी तर तीही नव्हती. त्यांच्या लेखी किडनी उत्तम चालत होती आणि “कसे आहात?” या प्रश्नाला भाऊ प्रत्येक वेळी “बरा आहे” असेच उत्तर देत असे. आपल्याकडे डॉक्टरांसमोर रडगाणे गाऊ नये, असा एक संस्कार असतो. या एका कामापुरता तो बाजूला ठेवावा लागतो.

म्हणून प्रत्येक भेटीला जाताना अर्ध्या पानाचा लेखी कागद न्यावा आणि तो फाइलमध्ये लावून घेण्याची विनंती करावी. त्यात “थकवा येतो” असे मोघम न लिहिता “अंघोळ आणि नाश्ता झाल्यावर दीड तास आडवे पडावे लागते, आठवड्यातून चार दिवस” असे लिहावे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे त्रास ठरावीक आहेत, त्यामुळे काय नोंदवायचे हेही ठरवता येते: टॅक्रोलिमसने हातांना कंप, रक्तदाब आणि मधुमेह, प्रेडनिसोनने हाडांची झीज, स्नायूंची अशक्तता आणि झोप उडणे, मायकोफेनोलेटने जुलाब आणि पांढऱ्या पेशी कमी होणे. जुलाबामुळे दिवसातून किती वेळा जागा सोडावी लागते, हा आकडा लाजेखातर गाळला जातो, आणि नोकरीच्या दृष्टीने नेमका तोच सर्वांत बोलका असतो.

शिवाय एका वहीत तारखा टिपाव्यात. रक्ततपासणीसाठी सकाळी किती वेळा जावे लागले, कोणत्या संसर्गासाठी रुग्णालयात राहावे लागले, बायोप्सी कधी झाली, मात्रा कधी बदलली. महिन्यात तपासण्या आणि आजारपण यांत किती कामाचे दिवस जातात, हे या नोंदींवरून दाखवता येते. वर्ष संपण्याच्या दोन महिने आधी प्रत्यारोपण केंद्राच्या डॉक्टरांकडून एक पत्र मागावे. त्यात सलग किती वेळ बसता वा उभे राहता येते, किती वजन उचलता येते, गर्दीत काम करणे सुरक्षित आहे का आणि महिन्याला अंदाजे किती दिवस गैरहजेरी होईल, हे असावे. “हे रुग्ण अपंग आहेत” एवढ्या एका ओळीच्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही, कारण अपंग कोण हे ठरवण्याचा अधिकार सोशल सिक्युरिटी स्वतःकडे ठेवते.

लिफाफा आल्यावर

पुनरावलोकनाचा अर्ज दोन प्रकारचा असतो. एसएसए-४५५ हा थोडक्या प्रश्नांचा, तर एसएसए-४५४ हा अनेक पानांचा. उत्तरच न पाठवल्यास, प्रकृती कितीही वाईट असली तरी, सहकार्य न केल्याच्या कारणावरून लाभ थांबू शकतो. भरलेल्या अर्जाची प्रत ठेवावी, पोहोच घ्यावी आणि पत्ता बदलल्यास लगेच कळवावे.

लाभ बंद करण्याची नोटीस आली, तर दोन तारखा वेगळ्या ओळखाव्यात. फेरविचारासाठी नोटीस मिळाल्यापासून ६० दिवस मिळतात. परंतु अपील चालू असताना मासिक रक्कम आणि संरक्षण चालू ठेवायचे असेल, तर तशी लेखी मागणी १० दिवसांत करावी लागते. नोटिसीवरील तारखेनंतर ५ दिवसांनी ती मिळाली असे धरले जाते, म्हणजे प्रत्यक्षात हाती १५ दिवस असतात. बरेच जण ६० हा आकडा वाचून निवांत होतात आणि वकील शोधण्यात तीन आठवडे घालवतात. मागणी आधी करावी, वकील नंतर शोधावा. अपील हरल्यास त्या काळात मिळालेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. मात्र अपील प्रामाणिकपणे केलेले असेल आणि परतफेड झेपणारी नसेल, तर माफीचा अर्ज करता येतो.

फेरविचाराच्या टप्प्यावर सुनावणी अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष बसून म्हणणे मांडण्याची संधी मिळते. ती सोडू नये. थरथरणारा हात कागदावर जेवढा दिसत नाही तेवढा समोर दिसतो.

किडनीचे ३६ महिने

ज्यांचे मेडिकेअर केवळ किडनीच्या आजारावर उभे आहे, त्यांचे संरक्षण यशस्वी प्रत्यारोपणाच्या महिन्यानंतर ३६ महिन्यांनी संपते. मार्च २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली असेल, तर ३१ मार्च २०२७ हा शेवटचा दिवस. ज्यांना एसएसडीआयच्या २४ महिन्यांनंतर अपंगत्वाच्या आधारावर किंवा वयाच्या ६५ व्या वर्षामुळेही मेडिकेअरचा हक्क आहे, त्यांना ही मर्यादा लागू होत नाही. आधार शोधण्यावर सुरुवातीला एवढा भर दिला तो यासाठी.

नोकरीतला गट विमा असेल तर किडनीच्या आधारावर मेडिकेअरचा हक्क सुरू झाल्यापासून पहिले ३० महिने तो आधी पैसे भरतो आणि मेडिकेअर मागाहून. त्यामुळे पार्ट बी घेणे टाळावेसे वाटते. परंतु मेडिकेअर असताना प्रत्यारोपण झाले तर औषधांचा खर्च पार्ट बीमधून मिळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी पार्ट ए आणि औषधे घेताना पार्ट बी असणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेच्या वेळी पार्ट ए नसेल तर हीच औषधे पार्ट डीमध्ये, म्हणजे औषधांच्या वेगळ्या विम्यात, पाहावी लागतात.

३६ महिने संपले तरी गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि त्या चुकल्या तर किडनी जाते. हा विरोधाभास अनेक दशके तसाच होता. १ जानेवारी २०२३ पासून, ज्यांना दुसरा कोणताही आरोग्य विमा नाही, त्यांना फक्त प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपुरता पार्ट बी-आयडी हा लाभ घेता येतो. २०२५ मध्ये त्याचा मासिक हप्ता ११०.४० डॉलर होता आणि वर्षाची ठरावीक सुरुवातीची रक्कम स्वतः भरल्यानंतर औषधाच्या मंजूर किमतीचा २० टक्के वाटा रुग्णाला भरावा लागतो. यात डॉक्टरांची भेट नाही, रक्ततपासणी नाही, रुग्णालयही नाही. म्हणून तो शेवटचा पर्याय समजावा. त्याआधी मेडिकेड, नोकरीचा विमा किंवा मार्केटप्लेस या सरकारी विमा-बाजारातला विमा तपासावा. आधीचा आजार दाखवून विमा नाकारण्यास २०१४ पासून बंदी आहे आणि संरक्षण संपण्याच्या आधी व नंतर ६० दिवसांची विशेष नोंदणी मिळते.

कामावर परतताना

एसएसडीआयमध्ये काम करून पाहण्यासाठी ९ महिने मिळतात. ते सलग असावे लागत नाहीत, ६० महिन्यांच्या आत मोजले जातात. २०२५ मध्ये ज्या महिन्यात १,१६० डॉलरपेक्षा जास्त कमाई झाली, तो यातला एक महिना धरला जाई, आणि त्या महिन्यांत कमाई कितीही असली तरी पूर्ण लाभ मिळतो. पुढच्या ३६ महिन्यांत कमाई ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या महिन्यांचा लाभ मिळतो. ही मर्यादा २०२५ मध्ये १,६२० डॉलर होती. हे आकडे दरवर्षी जानेवारीत बदलतात. कमाई मोजताना, काम करता यावे म्हणून स्वतःच्या खिशातून भरलेला औषधांचा खर्च वजा करून मागता येतो, त्यामुळे पावत्या जपाव्यात. पहिला पगार हाती येताच तो कळवावा. उशिरा कळवलेल्या पगाराची वसुली फार जाचक असते.

कामामुळे रक्कम थांबली पण वैद्यकीय अपंगत्व कायम असेल, तर काम करून पाहण्याच्या काळानंतर मेडिकेअर किमान ९३ महिने चालू राहते. एसएसआयवाल्यांना १६१९(बी) या कलमाखाली, राज्याने ठरवलेल्या कमाईच्या मर्यादेपर्यंत, मेडिकेड ठेवता येते. तिकीट टू वर्क योजनेत नाव नोंदवून ठरल्याप्रमाणे प्रगती दाखवत राहिल्यास त्या काळात वैद्यकीय पुनरावलोकन सुरू केले जात नाही. मात्र ते आधीच सुरू झाले असेल तर तिकीट घेऊन थांबत नाही. हिशेब गुंतागुंतीचा वाटला तर प्रत्यारोपण केंद्राच्या समाजसेविकेकडे मोफत लाभ-सल्लागाराचे नाव मागावे.

काम झेपले नाही आणि त्याच आजारामुळे थांबावे लागले, तर लाभ थांबल्यापासून ५ वर्षांच्या आत नवा अर्ज न करता पुन्हा सुरू करण्याची विनंती करता येते. निर्णय होईपर्यंत ६ महिन्यांपर्यंत तात्पुरती रक्कमही मिळू शकते. किडनीच्या बाबतीत, ३६ महिन्यांनंतर मेडिकेअर संपलेले असताना डायलिसिस पुन्हा सुरू झाले किंवा दुसरे प्रत्यारोपण झाले, तर नव्याने अर्ज करावा लागतो, पण पूर्वीसारखा प्रतीक्षाकाळ लागत नाही.