लग्नाच्या हॉलमध्ये स्विंग: आधी जागा बघा

बँडने जाइव्ह धरला की लगेच उठू नका, आधी हॉल बघा. मी फोंड्याचा. मडगाव-म्हापशाकडच्या ख्रिस्ती मित्रांच्या लग्नांत नाचायला शिकलो. स्विंग म्हणजे जॅझच्या ठेक्यावरचे नाच, जाइव्ह त्यातलाच एक. स्विंगचा प्रत्येक प्रकार कुठल्या ना कुठल्या जागेने घडवलाय, म्हणून समोरच्या जागेला जमेल तोच निवडावा, असं माझं मत.

जागा ऐसपैस असेल तर लिंडी हॉप. हा न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांचा नाच, १९२० च्या दशकाच्या शेवटी बहरलेला. तिथला सॅव्हॉय बॉलरूम १९२६ साली उघडला. प्रचंड हॉल, आणि काळे-गोरे एकत्र नाचत, हे त्या काळात दुर्मीळच. जोडीदाराला हातभर दूर सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं, हे तिथे सहज जमे. तिथल्या फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने १९३५ साली जोडीदारणीला पाठीवरून पलीकडे उडवलं तेही इथेच. तुम्ही मात्र उडवू नका. खाली लादी असते आणि शेजारी नवरीची आजी.

गर्दी असेल तर बाल्बोआ. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या खच्चून भरलेल्या हॉलांतला हा नाच: छातीला छाती, पाय जमिनीलगत सरकते. सासरची मंडळी बघत असतील तर विचार करा. चार्ल्सटन हा आणखी एक प्रकार एकट्यालाही नाचता येतो, जोडीदार न मिळालेल्यांनी तो शिकावा.

पण आपल्याकडे खरा उपयोग जाइव्हचाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी जिटरबग नावाचा स्विंग नाच ब्रिटनमध्ये नेला, त्यातून हा घडला. पुरुषाने डावा पाय मागे टाकावा, वजन परत उजव्यावर आणावं: १, २. मग डावीकडे तीन झटपट पावलं, ३-आणि-४. उजवीकडे तशीच, ५-आणि-६. बाईने उजव्या पायापासून, उलट बाजूंनी.

गोची पुढे आहे. गाणं चार मात्रांचं, पावलं सहा मात्रांची. भजनात समेवर येऊन सवय झालेल्या आपल्या कानाला हे खटकतं, आणि माणूस मध्येच थांबून बँडची वाट बघतो. थांबू नका. गाण्याची तीन आवर्तनं म्हणजे बारा मात्रा, तेवढ्यात तुमचे दोन फेरे होतात आणि सम आपोआप जुळते. घरी मांडीवर चाराचा ठेका धरून तोंडाने सहा मोजा, मगच उभे राहा. गाणं फार पळत असेल तर तीनच्या जागी एकच पाऊल टाका, मात्र त्याला दोन मात्रा द्या.