लाल न होणारा टोमॅटो: सोलापूरच्या गच्चीवर ‘ग्रीन झेब्रा’

‘ग्रीन झेब्रा’ पिकला तरी हिरवाच राहतो. सालीवर गडद पट्टे, आत हिरवा रसाळ गर, चव आंबटगोड, जरा आंबटाकडेच झुकलेली. अमेरिकेतल्या टॉम वॅग्नर यांनी तयार केलेला हा वाण १९८३ साली बाजारात आला. संकरित बियाणं नव्हे, त्यामुळे घरचं बी धरता येतं.

पाकिटावर ‘थंडी सरल्यावर पेरा’ असं लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी मी ते इमानेइतबारे पाळलं आणि फेब्रुवारीत पेरलं. एप्रिलमध्ये झाड छातीएवढं झालं, फुलांनी लगडलं आणि रोज सकाळी गच्चीवर पिवळ्या फुलांचा सडा पडू लागला. फळ एकही धरलं नाही. दिवसा पस्तिशीच्या वर ऊन आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, आणि आपला एप्रिल तर चाळिशी ओलांडतो. म्हणून पाकिटावरच्या तारखा सोडून द्या.

आपल्याकडे गणपतीच्या सुमारास पेरा. ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. सहा-आठ दिवसांत कोंब दिसतो. शेजारच्या खणांत ओळखीच्या वाणाचीही दोन-चार बियाणं असू द्या. पुढे काही बिघडलं तर चूक वाणाची की आपली, हे त्यावरून कळतं.

पंचवीस-तीस दिवसांनी रोप हलवायचं. रंगाची वीस लिटरची बादली चालते, बुडाला पाच-सहा भोकं मात्र हवीत. नुसती काळी माती भरू नका. ती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. रोप खालच्या पानांपर्यंत खोल गाडा. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

हे झाड वाढतच जातं, सहा फूटसुद्धा. लावतानाच तीन-चार तुराट्या एकत्र बांधून आधार द्या आणि सुतळी सैल ठेवा. पान आणि खोड यांच्या बेचक्यातली बगलफूट बोटानं मोडा. सगळी नको, आपल्या उन्हात फळांवर पानांची सावली लागते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगा. पानं आखडून गोळा झालेलं झाड मोह न धरता उपटा.

खरी परीक्षा पाण्याची. आपल्या नळाला रोज पाणी कुठलं? मग पाणी आलं की बादली तुडुंब, पुढे तीन दिवस कोरडी, असं होतं आणि फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा डाग कॅल्शियम कमी पडल्याचा. ते मातीत असतं, पण पाण्याच्या ओढाताणीत फळापर्यंत पोचत नाही. त्यामुळे अंड्याची टरफलं टाकून लगेच काही साधत नाही. पिंपात साठवा, रोज सकाळी बेतानं घाला, वर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या.

फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास देठाला टिचकी मारा, पराग झडतो.

गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आसपास फळं तयार होतात. तयार झाली हे ओळखायचं कसं? लाल होण्याची वाट बघत मी पहिली चार फळं वेलीवरच पिलपिलीत करून घालवली. गडद पट्ट्यांमधली जागा बघा: ती हिरवी सोडून पिवळसर, सोनेरी होते, सगळ्यात आधी बुडाशी. मग अंगठ्यानं हळूच दाबा. कच्चं खड्यासारखं लागतं, पिकलेलं किंचित दबतं. शेजारच्या काकू अजूनही विचारतात, “कच्चेच का तोडताय?” त्यांना एक फोड मीठ लावून द्यावी. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि याच्या फोडी, आमच्याकडे जानेवारीभर हेच चालतं.

बियांसाठी सर्वांत निरोगी झाडावरचं फळ पूर्ण पिकू द्या. गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, वर बुरशीची साय आली की धुऊन घ्या आणि ताटलीत, सावलीत वाळवा. कागदावर नको, बी चिकटून बसतं.