कोळंबीची नवी जागा शोधायला ट्रायल मारताय? या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची बंदी संपली की भाऊच्या धक्क्यावर काय, ससून डॉकला काय, सगळ्या तांडेलांच्या तोंडी एकच विषय असतो, यंदा कोळंबी कुठे लागतेय. मी काकांच्या ट्रॉलरवर जातो आणि दरवर्षी बघतो की डिझेल सगळ्यात जास्त जळतं ते या पहिल्या शोधाशोधीत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जागा शोधायला निघायचं आणि जाळं मात्र नेहमीसारखं तीन-तीन तास ओढत बसायचं. अडीच नॉटने तीन तास म्हणजे साडेसात सागरी मैल झाले की हो! मग वर आलेली कोळंबी पहिल्या मैलात लागली का शेवटच्या, हे कसं कळणार? ट्रायल अर्ध्या तासाची मारा, लहान ट्राय नेट (चाचणीचं जाळं) असेल तर अजून बरं, पंधरा-वीस मिनिटांनी उचलून बघता येतं.

आणि टोपल्या मोजून जागा ठरवू नका, तासाला किती किलो ते काढा. दीड तासात १८ किलो आली म्हणजे तासाला १२, आणि दुसरीकडे अर्ध्या तासात १० आली म्हणजे तासाला २०, पण डेकवर ढीग पहिलीचाच मोठा दिसतो आणि सगळे तिकडेच परत जायचं म्हणतात.

आता रिकाम्या जाळ्याबद्दल, कारण खरी गडबड इथे होते. जाळं रिकामं आलं की लगेच "इथे काय नाय" म्हणून पुढे जाऊ नका, आधी जाळं तळाला नीट चाललं होतं का ते बघा. आमचंच सांगतो, एकदा किती दोर सोडला ते दाखवणारी जाळ्याच्या दोरावरची खूण पुसली होती आणि एका बाजूचा दोर दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) कमी सुटला, जाळं तिरकं चाललं, लागोपाठ तीन ट्रायल रिकाम्या, आम्ही जागा सोडली. आठवड्याने दुसऱ्या बोटीला तिथेच चांगली कोळंबी लागली. तेव्हापासून दर फेरीला दोन्ही दोरांच्या खुणा मी स्वतः तपासतो.

वाकटीसारखी तळापासून वर फिरणारी मासळी येतेय पण कोळंबी नाही, तर बहुतेक जाळं उचललं गेलंय. दोर कमी सोडलाय किंवा स्पीड जास्त आहे. उथळ पाण्यात खोलीच्या पाचपट तरी दोर हवा, २० वाव पाण्याला १०० वाव, आणि स्पीड दोन ते तीन नॉटच्या आत. उलट नुसता चिखल आणि शिंपले भरून आले तर जाळं रुततंय, दोर थोडा कमी करा नाहीतर तळाची साखळी हलकी करा. जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्यांच्या खालची लोखंडी पट्टी बघायची सवय लावा, तळाला घासून ती सगळीकडे सारखी चकचकीत दिसायला पाहिजे, गंज तसाच असेल तर फळी तळाला लागलीच नाही आणि ती ट्रायल धरायची नाही.

उधाणाला ओढ (पाण्याचा प्रवाह) जोरात असते, जीपीएसवरचा स्पीड ओढीबरोबर वेगळा आणि ओढीविरुद्ध वेगळा, त्यामुळे एकाच रेषेवर जाताना एक आणि येताना एक अशा दोन ट्रायल मारा. वेळही बदलून बघा, बऱ्याच जातीची कोळंबी दिवसा गाळात दडते आणि रात्री बाहेर येते.

डोलीच्या, म्हणजे खुंटांना बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या, खुंटांजवळ जाऊ नका, तिथे आपल्याच कोळीबांधवांची जाळी आहेत, एक फाटली तर त्याचा सीझन गेला. तेलाच्या प्लॅटफॉर्मपासून ५०० मीटर लांब राहायचंच आणि पाइपलाइन आधीच प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशाच्या स्क्रीनवर) टाकून ठेवा.

"ट्रायलच आहे" म्हणून शेवटच्या पिशवीला बारीक आसाचं (भोकाचं) जाळं लावतात ते मला अजिबात पटत नाही, ४० मिमी चौकोनी आसच हवा. बारीक पिल्लं आली की वजन वाढतं, जागा भारी वाटते, आणि पुढच्या वर्षीची कोळंबी आपणच डेकवर मारून टाकतो.

शेवटची चूक म्हणजे डोक्यात लक्षात ठेवणं. मुंबईसमोर १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' नावाच्या वाफेच्या ट्रॉलरने असाच शोध घेतला होता, आज भारतीय मत्स्य सर्वेक्षण मुंबईतूनच हे काम चालवतं, आणि त्यांच्याकडेही हिशोब हाच, किती तास ओढलं आणि किती किलो आलं. तुमच्या वहीत तारीख, जाळं टाकल्याची-उचलल्याची वेळ आणि पोझिशन, किती वाव पाणी, किती दोर, उधाण का भांग (कमी भरती-ओहोटीचे दिवस), तळ कसा, कोळंबी किती किलो एवढं पाहिजेच. रिकामी फेरीसुद्धा लिहा. काकांच्या वहीत अशा ओळी खूप आहेत, "२२ वाव, दोर बरोबर, फळी चकचकीत, मऊ गाळ, कोळंबी नाही", आणि नवीन सीझनला निघताना ते आधी त्याच वाचतात.